गाडी अडली? आधी विचारा, मग पाना उचला

मैत्रिणींनो, पाहुणे दारात असताना मिक्सर बंद पडला तर आपण काय करतो? लगेच नवा मिक्सर आणायला धावत नाही. आधी घरात वीज आहे का ते पाहतो, मग बटण, मग पिन, मग भांडं नीट बसलंय का. एवढं सगळं ठीक असेल तरच तो दुरुस्तीला जातो. हा क्रम आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेला नाही. पण घरची जुनी मोटार सकाळी रुसून बसली, की हीच हुशार बाई म्हणते, "मला बाई त्यातलं काही कळत नाही!" मग गॅरेजवाला जे बदलायला सांगेल ते मुकाट्यानं बदललं जातं, आणि महिन्याच्या खर्चाला भलं मोठं भगदाड पडतं.

खरं सांगायचं तर जुन्या गाडीचं दुखणं ओळखणं हे मिक्सरच्या दुखण्याहून फारसं वेगळं नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. तरीही या गाड्या कितीतरी घरांत अजून जपलेल्या आहेत. साधारण २०००पर्यंतच्या मारुती आणि सगळ्या जुन्या फियाट कार्बोरेटरच्या. त्यांत कॉम्प्युटर नाही, हा त्यांचा मोठा गुण. जे काही बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, नाहीतर नाकाला कळतं.

आमच्याकडे १९९६ची मारुती ८०० आहे, मामंजींनी घेतलेली. ह्यांची नोकरी फिरतीची. सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, सकाळी सातला. डायलिसिसची पाळी चुकली, की अंगावर सूज चढते, श्वास लागतो. तेव्हा गाडी सुरू होणं ही आमच्या घरात हौसेची गोष्ट नाही, गरजेची आहे. त्या गरजेपोटी जे शिकले आणि वापरून पाहिलं, तेच इथं मांडते आहे.

पहिला प्रश्न : करंट आहे का?

चावी फिरवल्यावर सेल्फ फिरलाच नाही, तर गाडी भिंतीसमोर असताना हेडलाइट लावा आणि पुन्हा चावी फिरवून भिंतीकडे पाहा. तीनच शक्यता असतात.

दिवे पार मंदावले किंवा विझले, आणि नुसतं टक्-टक् झालं, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल झालं आहे.

दिवे तसेच लख्ख राहिले आणि एकदाच टक् झालं, किंवा काहीच आवाज आला नाही, तर बॅटरीत करंट आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही. मग दोष सेल्फमध्ये, त्याच्या सोलेनॉइडमध्ये, चावीच्या स्विचमध्ये किंवा मधल्या जोडणीत.

दिवे जरासे मंदावले आणि सेल्फ जोरात फिरला, तर वीज ठीक आहे. बॅटरीला दोष देऊ नका. पुढच्या प्रश्नाकडे वळा.

इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत साधा मीटर मिळतो. तो घरात असावाच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी, आणि १२च्या खाली गेला तर उतरलेली समजावी.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साठली असेल तर तिचं औषध आपल्याच फडताळात आहे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं टर्मिनल घासा. ते पाणी बॅटरीच्या भोकांत मात्र जाऊ देऊ नका. काढताना आधी वजा टर्मिनल काढायचं आणि लावताना ते शेवटी लावायचं. याचं कारण असं, की गाडीचं सगळं अंग वजा टर्मिनलला जोडलेलं असतं. ते जोडलेलं असताना अधिकच्या टर्मिनलवरचा पाना पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. पुसून कोरडं झालं की वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा.

आणि हो, बॉनेट उघडण्यापूर्वी बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र उतरवून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण सोन्याची बांगडी दोन्हीकडे टेकली तर पाहता पाहता तापून हात भाजतो. पदर खोचा, ओढणी बाजूला ठेवा, केस बांधा. बॅटरीजवळ काडी ओढू नका, कारण तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

बॅटरी भरते आहे का?

नवी बॅटरी घेतली आणि ती पंधरा दिवसांत उतरली, तर दोष बॅटरीचा नसून तिला भरणाऱ्याचा असू शकतो. हे काम अल्टरनेटरचं, जुन्या फियाटमध्ये डायनामोचं. इंजिन चालू ठेवून मीटर लावा. १३.८ ते १४.४च्या दरम्यान आकडा आला तर उत्तम. १३च्या खाली राहिला तर बॅटरी भरत नाही, आणि १५च्या वर गेला तर जास्तच भरते आहे. ती उकळेल, पाणी आटेल.

मीटर नसला तरी खूण आहे. रात्री ॲक्सिलरेटर दाबला की हेडलाइट उजळतात आणि सोडला की पिवळे पडतात, असं झालं तर आधी बेल्ट पाहा. इंजिन बंद असताना अंगठ्यानं दाबल्यावर तो साधारण एक सेंटीमीटरच दबला पाहिजे. चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका. बहुतेक जुन्या गाड्यांत हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला तर थोड्याच वेळात इंजिनही तापणार.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर कुणीतरी अंधारात वीज खातंय असं समजा. डिकीचा दिवा, मागाहून बसवलेलं गाण्याचं यंत्र, मोठा हॉर्न, यांचा संशय पहिला. चावी काढा, दारं बंद करा, वजा टर्मिनल सोडवा आणि ते टर्मिनल व त्याची तार यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. बल्ब ठळक पेटला तर चोरी आहे. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्याच घरात. घड्याळापुरता अगदी मिणमिणता प्रकाश चालतो.

फ्यूज आणि दिवे

फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. १०च्या जागी ३०चा, किंवा तांब्याची तार, असला उपाय कुणी सुचवला तर साफ नकार द्या. फ्यूज मुद्दाम नाजूक ठेवलेला असतो. तो वितळला नाही तर आतली तार तापते आणि गाडी पेटू शकते. नवाही लगेच गेला तर कुठेतरी तार उघडी पडून पत्र्याला लागते आहे.

इंडिकेटर एका बाजूला भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा बहुधा एक बल्ब गेलेला असतो. दोन हेडलाइटपैकी एकच मंद असेल तर बल्बआधी त्याच्या अर्थिंगचा गंज पाहा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही

आता दुसरा प्रश्न : पेट्रोल पोचतंय का, आणि ठिणगी पडते का? इथे नाक कामाला येतं. पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नये, आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावं, नाहीतर सेल्फ जळतो. मग वास घ्या.

पेट्रोलचा दाट वास आला तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवा आणि सेल्फ मारा. ॲक्सिलरेटरवर पाय आपटत राहिलात तर आणखी पेट्रोल आत जातं.

वास अजिबात नाही, तर पेट्रोल येत नसेल. टाकीच्या काट्यावर भिस्त ठेवू नका, जुन्या गाड्यांचे काटे खोटं बोलतात. दोन लिटर घालून पाहणं स्वस्त पडतं. त्यानंतर पेट्रोलचा छोटा फिल्टर पाहायला सांगा. त्यात गाळ असेल तर तो बदलावा.

वास थोडासाच आहे, तर ठिणगीचा संशय घ्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हे फार होतं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि प्लगच्या जाड तारांवर दमट हवेचं पाणी बसतं आणि ठिणगी वाटेतच पळते. इंजिन बंद ठेवून, चावी काढून, कोरड्या सुती फडक्यानं तारा पुसा. झाकणाच्या आत ओल असेल तर तीही टिपा. कित्येकदा गाडी एवढ्यावर सुरू होते. मात्र इंजिन चालू असताना त्या तारांना कधीही हात लावू नका. बॅटरीचे १२ व्होल्ट तिथे हजारो व्होल्ट झालेले असतात.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. मारुती ८००मध्ये रबराचा टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला तर सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भराभर फिरतो आणि इंजिन काही केल्या धरत नाही. असं वाटलं तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, गाडी ओढूनच न्या.

चालता चालता बंद पडली तर

ती कशी बंद पडली ते आठवा, निम्मं निदान त्यातच आहे. दिवा मालवावा तशी पटकन बंद पडली तर बहुधा विजेचा दोष : कॉइल, एखादी सुटलेली तार किंवा जुन्या गाडीतले पॉइंट. खोकत, धक्के देत, हळूहळू बसली तर पेट्रोलचा : फिल्टर, पंप, कार्बोरेटरमधला कचरा.

मे महिन्यात रहदारीत तापून बसली आणि वीस मिनिटांनी आपोआप सुरू झाली, तर पेट्रोलची नळीत वाफ झाली असेल. फियाटवाले यासाठी पंपावर ओलं फडकं ठेवायचे. तो उपाय आजही खरा आहे.

पेट्रोलविषयी एक आजची गोष्ट. २०२५पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणीही शोषून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या ठेवलेल्या गाडीला त्रास होतो. नळ्या तपासून घ्या आणि इथेनॉल चालणाऱ्या प्रतीच्या बसवून घ्या. बॉनेटखाली ओलसर पेट्रोल दिसलं तर चावीला हातसुद्धा लावू नका.

प्लग आणि धूर काय सांगतात?

वैद्य जीभ पाहतो, तसा मेकॅनिक प्लग पाहतो. तुम्हीही पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठणठणीत. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक अडकला असेल, नाहीतर एअर फिल्टर धुळीनं तुंबला असेल. तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरं फटक, फोड आल्यासारखं असेल तर इंजिन फार तापतंय.

सायलेन्सरच्या धुराचंही तसंच. काळा धूर म्हणजे पेट्रोलची नासाडी, निळसर म्हणजे ऑइल जळणं. थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ साधी असते. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं, तर पाणी इंजिनात शिरतंय. ऑइलची कांडी काढून पाहा. तिच्यावर दुधाच्या कॉफीसारखा रंग दिसला तर खात्रीच झाली. अशी गाडी चालवू नका.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काहीही तपासू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

तापलेली गाडी

खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात काटा लालकडे सरकला तर एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण चालू करा. अंगाला घाम येईल, पण इंजिनातली उष्णता बाहेर पडेल. तरीही काटा चढला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण निदान अर्धा तास उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उसळतं, कुकरची शिटी न उतरवता झाकण काढावं तसं! तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

नंतर पाहा : पाणी कमी होतं का, नळी फुटली का, बेल्ट आहे का? मारुतीत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. काटा चढूनही तो फिरत नसेल तर फ्यूज आणि त्याचा उष्णतेचा स्विच तपासायला सांगा. तो अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात लांब ठेवा.

ऑइलचा लाल दिवा चालताना लागला तर मात्र "पुढच्या चौकापर्यंत जाऊ" असं म्हणायचं नाही. त्याच क्षणी थांबायचं. ऑइलविना इंजिन काही मिनिटांत जाम होतं.

मेकॅनिककडे जाताना

गेल्या पावसाळ्यात आमची गाडी कधी सुरू होई, कधी नुसतं टक् करी. एका गॅरेजमध्ये सांगितलं, बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही बदला, आठ हजारांच्या घरात जाईल. माझ्या वहीत नोंद होती : रात्रभर उभी राहून १२.६, चालू असताना १४.१, सेल्फ मारताना दिवे लख्ख. बॅटरी भरलेली, भरणाराही ठीक, मग हे दोन्ही बदलायचे कशासाठी? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी तिथून गाडी परत आणली आणि ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिकला ती नोंद वाचून दाखवली. त्यानं एक जाड तार बॅटरीच्या वजा टर्मिनलपासून थेट इंजिनच्या धातूला लावली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी गंजली होती. दिव्यांना लागणारा थोडा करंट दुसऱ्या वाटेनं मिळत होता. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, ते त्या गंजातून जाईनात. पट्टी पॉलिशपेपरनं घासून घट्ट बसवली, तीनशे रुपये मजुरी दिली, आणि सासूबाईंची एकही पाळी चुकली नाही.

म्हणून सांगते, गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, केव्हा बिघडते (गार असताना की तापल्यावर, पावसात की उन्हात), काय ऐकू आलं, कसला वास आला, मीटरवर किती आकडा, एवढं लिहा. "गाडी खराब झाली" असं सांगू नका. "तापल्यावर पटकन बंद पडते, वीस मिनिटांनी सुरू होते" असं सांगा. मेकॅनिकनं एखादी वस्तू बदलायला सांगितली तर गोड शब्दांत विचारा, "हीच खराब आहे हे कशावरून ठरवलंत?" चांगला कारागीर या प्रश्नानं रागावत नाही, उलट खुलून सांगतो. बदललेली जुनी वस्तू परत मागून घ्या.

डिकीत काय असावं?

१०, १२ आणि १४ नंबरचे पाने, स्क्रूड्रायव्हर, मीटर, चार-सहा फ्यूज, एक फॅनबेल्ट, एक प्लग, जाड जंपर तारा, पॉलिशपेपर, सुती फडकी, बॅटरी (हातातली!), पाच लिटर पाणी, आणि रस्त्यावर मागे उभा करायचा लाल त्रिकोण. सगळं एका जुन्या पिशवीत मावतं.

दर रविवारी दहा मिनिटं काढा. ऑइलची कांडी, रेडिएटरचं पाणी, बॅटरीची टर्मिनलं, बेल्ट, सगळे दिवे, चाकांतली हवा. डाळ-तांदळाचे डबे आपण महिन्यातून एकदा उघडून पाहतोच ना? तसंच हे. दोष दुरुस्त करायला कारागीर लागेल, त्याच्या हातचं काम त्यानंच करावं. पण दोष कुठे आहे हे विचारायला आणि उत्तर वहीत लिहायला आपण पुरेशा आहोत.